परतणाऱ्या लहरी आणि अलिबागची नोंदवही

पन्नास-साठ वर्षांपूर्वीची कोणत्याही व्यापारी पेठेतील बुधवारची रात्र आठवावी. दुकानाच्या फळ्या लागलेल्या असत, गल्ला मोजून रोजमेळ मिळवलेला असे आणि आठ वाजण्याच्या बेताला घरातील लहानथोर मंडळी रेडिओभोवती जमत. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली बिनाका गीतमाला आणि तिचे निवेदक अमीन सयानी यांचा आवाज ऐकण्यासाठी ही धडपड असे. गाणे ऐन रंगात यावे आणि आवाज एकाएकी क्षीण होत जावा; कोणी बटण फिरवी, कोणी गच्चीवरील तारेकडे धाव घेई, तोवर आवाज आपोआप परत भरून येई. घरातील वडीलधारे म्हणत, ‘स्टेशन हलले.’

वास्तविक कोलंबोतील स्टेशन तसूभरही हललेले नसे. हलत असे ते आकाश. कोलंबो आणि मुंबई यांत सुमारे दीड हजार किलोमीटरचे अंतर आहे. पृथ्वी गोल, रेडिओलहरी सरळ रेषेत जाणारी. तेव्हा एवढ्या अंतरावर ती जमिनीलगत पोहोचणे शक्य नाही. ती वर जात असे, आकाशातील एका अदृश्य थरावर आदळून खाली वळत असे आणि मग घराघरांत उतरत असे. तो थर खालीवर होई, निरनिराळ्या मार्गांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना बळ देत, तर कधी एकमेकींना मारत. आवाजाच्या चढउताराचे कारण हे.

या थराला मराठीत आयनांबर म्हणतात. त्याचा शोध, त्यावरून परतणाऱ्या लहरींचा अर्थ आणि त्या अर्थाची पडताळणी या तिन्ही गोष्टींशी मुंबईसमोरच्या किनाऱ्यावरील एका शांत गावाचा संबंध आहे. ते गाव म्हणजे अलिबाग. ‘अलिबागहून आलास का?’ असे विचारून मुंबईकर एखाद्याला भोळा ठरवतात. परंतु याच अलिबागेत शंभरहून अधिक वर्षे चाललेली एक नोंदवही जगभरचे शास्त्रज्ञ आदराने उघडतात.

सूचीने दिलेली पहिली वार्ता

१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनी यांनी इंग्लंडच्या पोल्धू येथून पाठवलेला संकेत अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये, सुमारे ३,४०० किलोमीटरवर, ऐकला. लहर पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून गेली कशी, हा प्रश्न तेव्हा सर्वांना पडला. पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, इंग्लंडमध्ये हेव्हिसाइड आणि अमेरिकेत केनेली यांनी स्वतंत्रपणे सुचवले की, वातावरणाच्या वरच्या भागात वीज वाहून नेणारा एक थर असावा आणि तोच लहरींना परत फिरवीत असावा.

परंतु या थराची चाहूल रेडिओपूर्वीच लागलेली होती. टांगलेली लोहचुंबकाची बारीक सूची दिवसभर स्थिर राहत नाही. सकाळपासून दुपारपर्यंत ती अत्यल्प प्रमाणात सरकते आणि सायंकाळी मूळ जागी येते. दररोज सूर्याच्या तालावर चालणाऱ्या या हालचालीचे कारण पृथ्वीच्या पोटात सापडेना. १८८२ साली बाल्फर स्टुअर्ट यांनी असा विचार मांडला की, वरच्या हवेतून विजेचे प्रवाह वाहत असले पाहिजेत आणि सूर्याच्या तापाने होणाऱ्या हवेच्या हालचालींतून ते निर्माण होत असले पाहिजेत. म्हणजे आकाशातील विजेची पहिली वार्ता जमिनीवरील लोहचुंबकाने दिली.

अशा सूच्यांची नोंद मुंबईत फार पूर्वीपासून ठेवली जात होती. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली आणि १८४१ पासून तेथे चुंबकीय वेध घेतले जाऊ लागले. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावर प्रचंड उद्रेक झाला आणि जगभरच्या तारयंत्रांत गोंधळ माजला. २ सप्टेंबर रोजी कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी पाहून लिहिलेल्या आकड्यांवरून पुढे असे दिसून आले की, पृथ्वीच्या क्षैतिज चुंबकीय बलात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट झाली होती. एरवीचा दैनिक चढउतार त्या मानाने अगदी किरकोळ, काही दशक नॅनोटेस्लांचा असतो. ज्ञात इतिहासातील त्या अतितीव्र चुंबकीय वादळाची उष्णकटिबंधातील ही मोलाची नोंद आहे. तिचा सविस्तर अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे लिहिणारे हात थांबल्यानंतर कित्येक पिढ्यांनी.

ट्राम आणि वेधशाळा

विसाव्या शतकाच्या आरंभी या नोंदवहीवर संकट आले. मुंबईत घोड्यांच्या ट्राम १८७४ पासून धावत होत्या. त्यांच्या जागी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरू लागले. ट्रामचा विद्युतप्रवाह रुळांतून परत जाताना जमिनीत झिरपतो आणि आसपासच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ उडवतो. शहराला जलद वाहन हवे होते. ती मागणी अवाजवी नव्हती. पण ट्राम सुरू झाली असती, तर कुलाब्याची सूची सूर्याचे म्हणणे सोडून ट्रामचे वेळापत्रक सांगू लागली असती, आणि साठ वर्षांची अखंड मालिका तुटली असती.

त्या वेळी वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे होते. १८९६ मध्ये ते या पदावर आले. कुलाबा वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. ट्रामला अडवून धरणे किंवा मालिका सोडून देणे या दोन टोकांऐवजी त्यांच्या काळात तिसरा मार्ग निघाला. मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर, खाडीपलीकडील अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. गंमत अशी की, अलिबाग हे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठाणे. जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ मध्ये. म्हणजे नोंदवही एका कुलाब्यातून उठून दुसऱ्या कुलाब्यात गेली.

इमारत बांधणेही सोपे नव्हते. कोकणातील काळा दगड लोहयुक्त चुंबकीय खनिजे बाळगून असतो. तो वापरला, तर भिंतीच सूचीला ओढू लागतील. म्हणून पोरबंदरचा वालुकाश्म आणला गेला. बिजागऱ्या, खिळे, कड्या लोखंडाच्या चालणार नव्हत्या. तेथे पितळ आणि तांबे आले. आत तापमान शक्य तितके स्थिर राहील, अशी रचना केली गेली.

मात्र या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. अलिबागचे काम १९०४ मध्ये सुरू झाल्यावर कुलाब्याचे काम लगेच बंद केले गेले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. बँकांच्या शाखा संगणकावर गेल्या तेव्हा काही काळ हाताची खातेवही आणि संगणकाची खातेवही समांतर ठेवली जाई. दोन्हींच्या बाकीचा मेळ बसल्याखेरीज जुनी वही मिटली जात नसे. मूस यांनी नेमके हेच केले. दोन जागांतील फरक किती, हे त्या दोन वर्षांत निश्चित झाले आणि जुन्या पानाची अखेरची शिल्लक नव्या पानाची आरंभीची शिल्लक ठरली. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा अलिबागची सूची निर्वेध चालू होती. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या वेधांचे विश्लेषण मूस यांनी १९१० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

लहर परत येते ती कशी

आयनांबर प्रत्यक्षात आहे, याचा थेट पुरावा डिसेंबर १९२४ मध्ये मिळाला. एडवर्ड ॲपल्टन आणि त्यांचे सहकारी बार्नेट यांनी बोर्नमथच्या रेडिओकेंद्रातून निघालेल्या लहरी ऑक्सफर्ड येथे ग्रहण करून थराची उंची सुमारे १०० किलोमीटर असल्याचे दाखवले. पुढच्या वर्षी अमेरिकेत ब्राइट आणि ट्युव्ह यांनी लहरींचे छोटे छोटे ठोके वर पाठवून ते परत येण्यास किती वेळ लागतो, हे मोजले. लहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाते. एक सहस्रांश सेकंदात प्रतिध्वनी आला, तर जाऊन येऊन ३०० किलोमीटर, म्हणजे उंची १५० किलोमीटर. रडारचे मूळ तत्त्व हेच. भारतात शिशिरकुमार मित्र यांनी १९३० च्या सुमारास कलकत्त्यात या संशोधनाचा पाया घातला. ॲपल्टन यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे वरच्या विरळ हवेतील अणुरेणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. लहर त्यांच्यात शिरली की ते थरथरतात आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन जणू एक चिमुकला प्रक्षेपक बनतो. थर दाट आणि सपाट असेल, लहरीची कंप्रता बेताची असेल, तर या साऱ्यांचे मिळून एकच परावर्तन होते. आरशात दिसावे तसे. कंप्रता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की लहर थर भेदून अवकाशात निघून जाते. उपग्रहांशी बोलणे शक्य होते ते यामुळे.

परंतु आकाशातील थर नेहमी आरशासारखा सपाट नसतो. अलिबागच्या किनाऱ्यावर पौर्णिमेच्या रात्री उभे राहिले, तर हे सहज उमगते. पाणी अगदी निवांत असेल, तर त्यात एकच चंद्र दिसतो. वाऱ्याने पाण्यावर तरंग उठले, की चंद्राचे बिंब मोडते आणि किनाऱ्यापासून क्षितिजापर्यंत चमचमता रुपेरी पट्टा दिसू लागतो. प्रत्येक तरंग आपल्यापुरता थोडासा प्रकाश इकडे पाठवत असतो. पहिले परावर्तन, दुसरे प्रकीर्णन. आयनांबरातही इलेक्ट्रॉनांच्या दाटीविरळीचे तरंग उठतात आणि रडारची लहर त्यांवरून विखुरते. त्यातील फार थोडा अंश मागे फिरतो. ज्या तरंगांतील अंतर रडारच्या तरंगलांबीच्या निम्मे असते, त्यांच्यावरून परतणाऱ्या लहरी पावलास पाऊल मिळवून येतात. म्हणून रडारला मुख्यतः तेच ‘दिसतात’. निरनिराळ्या आकाराचे तरंग पाहण्यासाठी निरनिराळ्या कंप्रतेचे रडार लागते ते त्यासाठी.

महाराष्ट्रात या विद्येचे उदाहरण कोल्हापूरला आहे. अलिबागची वेधशाळा ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, त्याच संस्थेने शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात १.९८ मेगाहर्ट्झ कंप्रतेचे रडार चालवले. त्याची तरंगलांबी सुमारे १५१ मीटर. शंभर किलोमीटरच्या आतील थरांवरून येणारे मंद प्रतिध्वनी दूर दूर ठेवलेल्या ग्राहक तारांवर टिपून, त्यांचा आकृतिबंध जमिनीवरून कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकतो, हे पाहून त्या उंचीवरील वारे मोजता येतात. तेथे फुगे पोहोचत नाहीत आणि उपग्रह टिकत नाहीत. प्रतिध्वनी मात्र रोज येतात.

आकाशाचे कोणते, जमिनीचे कोणते

तिरप्या दिशेने लहर सोडणाऱ्या रडारापुढे आणखी एक अडचण येते. १९८० च्या दशकापासून मुख्यतः ध्रुवीय व त्यालगतच्या प्रदेशांवर लक्ष ठेवणाऱ्या सुपरडार्न नावाच्या आंतरराष्ट्रीय रडारजाळ्याला ती रोज भेडसावते. लहर वर जाते. तिचा काही भाग आयनांबरातील तरंगांवरून थेट मागे फिरतो. उरलेली लहर वळून शेकडो किलोमीटरवर जमिनीवर किंवा समुद्रावर उतरते. तेथे डोंगर, झाडी, लाटा यांच्यावर विखुरते आणि त्यातील अंश ज्या वाटेने आला त्याच वाटेने, पुन्हा आयनांबराला टेकून, रडारकडे परततो. घरात दोन चिठ्ठ्या आल्या, दोन्हींवर पाठवणाऱ्याचे नाव नाही, अशी ही स्थिती.

दोहोंत फरक करण्याची मुख्य खूण म्हणजे वेग. आयनांबरातील तरंग सेकंदाला शेकडो मीटर वेगाने सरकू शकतात. डॉप्लर परिणामाने त्यांच्यावरून आलेल्या लहरीची कंप्रता किंचित बदलते. जमीन जागची हलत नाही, म्हणून तिचा प्रतिध्वनी जवळजवळ मूळ कंप्रतेचा आणि नीटस असतो. नियम सोपा वाटतो. पण आयनांबर कधी कधी फार संथ असते आणि जमिनीचा आव आणते. उलट वरचा थरच खालीवर होत असेल, तर स्थिर जमीनही हलल्यासारखी भासते. अशा वेळी एकाच आकड्यावर निर्णय देता येत नाही. अंतर, दिशा, दिवसाची वेळ आणि आधीच्या नोंदी यांचा ताळा घ्यावा लागतो. शिवाय जमिनीचा प्रतिध्वनी टाकाऊ समजणेही चुकीचे. वरच्या थरातून मोठी लाट जात असेल, तर त्या प्रतिध्वनीच्या तीव्रतेत तिचे पट्टे उमटतात.

वजाबाकीतील अलिबाग

येथे पुन्हा अलिबागकडे यावे लागते. भारताच्या दक्षिण टोकावरून चुंबकीय विषुववृत्त जाते. त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे तीन अंशांच्या अरुंद पट्ट्यात, जमिनीपासून शंभरेक किलोमीटरवर, दिवसा विजेचा एक जोरदार प्रवाह वाहतो. त्याला विषुववृत्तीय विद्युतझोत म्हणतात. केरळातील थुंबा याच पट्ट्यात आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतभूमीवरून पहिले संशोधन-अग्निबाण तेथून सुटले त्यामागे हेच कारण होते. पुढे थुंब्याला सुमारे ५५ मेगाहर्ट्झचे रडार बसले. त्याची लहर झोतातील पावणेतीन मीटर अंतराच्या तरंगांवरून विखुरून परत येई.

रडारने तरंग दाखवले. पण झोत किती प्रबळ? चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या वेधशाळेत, पूर्वी त्रिवेंद्रमला आणि नंतर तिरुनेलवेलीला, दुपारी क्षैतिज बल वाढलेले दिसते. मात्र ती सगळी वाढ झोताची नसते. तिच्यात साऱ्या पृथ्वीवर पसरलेल्या दैनिक प्रवाहाचा वाटा असतो आणि पृथ्वीपासून हजारो किलोमीटर दूर फिरणाऱ्या प्रवाहांचाही. हे सामाईक वाटे वजा करायचे, तर जवळपास त्याच रेखांशावरील, पण झोताच्या पट्ट्याबाहेरील दुसरी विश्वासार्ह वेधशाळा हवी. ती म्हणजे अलिबाग. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील आर. जी. रस्तोगी आणि त्यांचे सहकारी यांच्यासह अनेक संशोधकांनी दक्षिणेतील आकड्यातून अलिबागचा आकडा वजा करून झोताचे बल काढले. दोन्ही अक्षांशांवर सामाईक वाटा तंतोतंत सारखा नसतो. म्हणून हे उत्तर अंदाजी असते. तरीही ही वजाबाकी आजवर उपयोगी ठरली आहे.

काही दिवशी, विशेषतः दुपारनंतर, ही वजाबाकी ऋण येते. झोत उलटलेला असतो. त्याच सुमारास विषुववृत्ताजवळच्या आकाशातून येणारे तरंगांचे ठरावीक प्रतिध्वनीही नाहीसे होतात. जमिनीवरील सूची आणि आकाशात सोडलेली लहर यांच्या दोन स्वतंत्र वह्या असताना नोंद मात्र एकच निघते. जमाखर्च बरोबर असल्याचा याहून समाधानकारक पुरावा नाही.

या ज्ञानाचा व्यवहाराशी संबंध नाही, असे कोणी समजू नये. मोबाइलमधील जीपीएसचा संकेत उपग्रहापासून येताना आयनांबरातूनच येतो आणि तेथे त्याला विलंब होतो. तो विचारात घेतला नाही, तर जागेत कित्येक मीटरांची चूक पडू शकते. विमानांना अचूक मार्गदर्शन करणाऱ्या भारताच्या गगन प्रणालीला आपल्या आकाशातील याच चंचलतेचा हिशोब सतत ठेवावा लागतो, कारण विषुववृत्तीय झोत आणि त्याच्याशी निगडित घडामोडी भारतीय आकाशाला विशेष अस्थिर करतात. मे २०२४ मधील मोठ्या चुंबकीय वादळाच्या वेळी लडाखमधील हानले येथून आकाशात तांबूस प्रकाश दिसला. जे लडाखमध्ये डोळ्यांना दिसले, ते अलिबागसारख्या वेधशाळांत आकड्यांत उतरते.

ट्रामच्या काळी अलिबाग मुंबईपासून लांब वाटे. आता मांडव्याला मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट लागते, सुट्टीच्या दिवशी किनारा माणसांनी फुलतो आणि आसपास बांधकामे वाढतात. वाहने, लोखंड, विजेच्या तारा यांपासून अंतर राखणे कोणत्याही चुंबकीय वेधशाळेला दिवसेंदिवस कठीण होत जाते. १९०४ मध्ये विचारला गेलेला प्रश्न पुन्हा कधीतरी विचारला जाईल. त्याचे उत्तर तेव्हा देऊन ठेवलेले आहे : गावाची वाढ थांबवू नये, नोंद तुटू देऊ नये आणि जागा बदलावीच लागली, तर दोन्ही वह्या पुरेसा काळ समांतर ठेवाव्यात.

१८५९ मध्ये कुलाब्याच्या खोलीत सूचीचे आकडे लिहिणाऱ्यांना आयनांबर हा शब्द ठाऊक नव्हता. १९०४ मध्ये अलिबागची जागा निवडणाऱ्यांना विद्युतझोताची कल्पना नव्हती. ते गाव पुढे एका वजाबाकीला उपयोगी पडेल, हे त्यांच्या मनातही नसेल. त्यांनी केले ते इतकेच की, जे दिसले ते त्याच दिवशी, खाडाखोड न करता, लिहून ठेवले. त्या आकड्यांची खरी किंमत नंतर आलेल्यांना कळली.